गाडी दारात, नाव कुठे?

मैत्रिणींनो, स्टीलचा साधा डबा घेतला तरी आपण दुकानदाराला बजावतो, "नाव घालून द्या हं." हळदीकुंकवाला वाटायच्या वाट्यांवरसुद्धा नाव आणि तारीख असते. आणि तीन-चार लाखांची जुनी गाडी दारात येते तेव्हा मात्र नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, आणि तिच्या कागदावर महिनोन्महिने भलत्याच माणसाचे नाव राहते. "होईल हो, एजंटाकडे दिलंय" म्हटले की विषय संपला!

तुम्ही म्हणाल, गाडीचे कागद हे पुरुषांचे काम. असेल बाई. पण आता गाड्या चालवतो आपण, मुलांच्या क्लासला जातो आपण, दवाखान्याच्या फेऱ्या घालतो आपण. मग कागद तेवढा दुसऱ्यावर का सोडायचा? माझ्या धाकट्या जावेच्या गाडीच्या निमित्ताने गेल्या वर्षी मला ह्या कागदांत चांगलेच शिरावे लागले. त्यातले जे तुमच्या उपयोगी पडेल ते आज सांगते.

आमचे मामंजी धाकट्या दिरांकडे तासगावला असतात. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी मिरजेला न्यावे लागते. भावजी बागेत आणि बेदाण्याच्या शेडवर अडकलेले, म्हणून नेण्या-आणण्याचे काम जावेकडे. २०२५ मध्ये बेदाण्याचे पैसे हाती आले तेव्हा तिने सांगलीतल्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानातून २०१८ सालची छोटी गाडी घेतली. किंमत तीन लाख चाळीस हजार, वर 'ट्रान्स्फर चार्जेस' म्हणून बारा हजार. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे ३० एप्रिलला, गाडी घरी आली. भावजी म्हणाले, "चालवणार तू, तर नावावरही तुझ्याच करू." ऐकून मला फार बरे वाटले होते.

दुकानदार म्हणाला, "महिन्याभरात आर. सी. तुमच्या नावावर करून घरपोच." मे गेला, जून गेला. कधी सर्व्हर बंद, कधी एजंट गावाला, कधी साहेब रजेवर. गौरी-गणपतीला सगळे एकत्र जमलो तेव्हा जाऊ भाजी चिरता चिरता सहज बोलून गेली, "ताई, ती नवी नंबरप्लेट बसवायची म्हणतात ना, त्याला आर. सी. मागतायत. माझ्याकडे नुसती झेरॉक्सच आहे." (१ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी बसवण्याची त्या वर्षी महाराष्ट्रभर धांदल होती, आणि मुदत पुन्हा पुन्हा वाढत होती, ते तुम्हाला आठवत असेल.) मी झेरॉक्स मागवून घेतली. वर नाव होते सांगलीच्याच एका गृहस्थांचे. परिवहन खात्याच्या मोबाईल ॲपवर गाडीचा नंबर घातला, तर तिथे नावाची एक-दोन अक्षरे दिसतात, बाकी फुल्या असतात. पण जेवढी दिसली तेवढी त्याच गृहस्थांची. चार महिने झाले तरी कागद जागचा हललेला नव्हता.

इथे थोडे थांबून ह्या कागदाचे महत्त्व सांगते. घराला खरेदीखत असते, सात-बारा असतो. गाडीला तसे वेगळे मालकीपत्र आपल्याकडे नाही. दुकानदाराची पावती म्हणजे तुम्ही पैसे दिल्याचा पुरावा, पण सरकारच्या, पोलिसांच्या आणि अपघाताच्या कोर्टाच्या दृष्टीने मालक कोण, तर आर. टी. ओ. च्या नोंदीत ज्याचे नाव तो. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये मालकाची व्याख्याच तशी आहे. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे अगदी स्पष्ट केले. त्यात गाडी एका हातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या अशी फिरली होती, नोंद मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात होऊन एक मूल गेले. पहिला मालक म्हणाला, मी तर कधीच विकली. न्यायालय म्हणाले, नोंद तुमची, भरपाईची जबाबदारीही तुमची. आता विचार करा, कागद न बदलल्याचा धोका नुसता घेणारीला नाही, विकणारीलाही तेवढाच आहे. किंबहुना जास्तच, कारण गाडी कोण कशी हाकतोय हे तिला दिसतही नाही.

घेणारीचा धोका वेगळा. दुसऱ्याला इजा झाली तर त्याच्यासाठीचा जो विमा असतो तो गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो असे कायदा मानतो. पण आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून मागायचे तर पॉलिसी आपल्या नावावर हवी, नाहीतर कंपनी हात वर करू शकते. म्हणून गाडी घेतल्यावर चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीला लेखी कळवायचे असते. हे किती जणी करतात?

आता पुन्हा गोष्टीकडे. झेरॉक्सवर पत्ता होता, विश्रामबागेतला. आम्ही दोघी जाऊन थडकलो. दिवस पितृपक्षाचे. दार सत्तरीच्या एका आजींनी उघडले. "ह्यांच्याकडे काम होतं" म्हटल्यावर त्या क्षणभर बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ते डिसेंबरातच गेले. या, आत या."

डिसेंबर २०२४ मध्ये यजमान वारले. गाडी दारात पडून होती. मार्चमध्ये पुण्याहून मुलगा आला आणि त्याने ती दुकानदाराला देऊन टाकली. पैसे मिळाले, तक्रार नाही. पण आजींनी यजमानांचा मोबाईल चालू ठेवलेला होता, रोज चार्ज करून. "ह्यांचे जुने मित्र अधूनमधून मेसेज करतात, त्यांना कळवायचं राहिलंय," म्हणाल्या. त्या मोबाईलवर दंडाचे तीन मेसेज आले होते. पहिला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातला, कोल्हापूरचा, सिग्नल तोडल्याचा. दुसरा जूनमधला वेगाचा, तिसरा ऑगस्टमधला, मिरजेत दवाखान्यासमोर नो-पार्किंगचा. आजी म्हणाल्या, "आयुष्यात ह्यांनी कधी सिग्नल मोडला नाही हो. गेल्यावर चार महिन्यांनी ह्यांच्या नावावर दंड! मी कुणाला विचारू?"

माझी जाऊ खाली मान घालून बसली. नो-पार्किंगचा तो दिवस तिला लख्ख आठवत होता. मामंजींना चक्कर आली होती.

मग दुसरी गोष्ट कळली आणि माझा पाराच चढला. दुकानातली पोरे दोनदा आजींकडे येऊन गेली होती. एकदा विचारायला, की आजोबांचा मोबाईल चालू आहे का, त्यावर ओ. टी. पी. येईल तो सांगा. आणि दुसऱ्यांदा कोरे फॉर्म घेऊन, "आजोबांच्या नावानं सही करून टाका, लवकर होतं, सगळेच करतात." आजी जुन्या मॅट्रिक. म्हणाल्या, "मी त्यांना सांगितलं, गेलेल्या माणसाची सही मी करणार नाही. तेव्हापासून कुणी फिरकलं नाही."

बघा, गाठ कुठे होती ती! दुकानदार सर्व्हरवर खापर फोडत होता, आणि खरे कारण हे, की कागदावरचा मालक जिवंतच नव्हता. जो नाही तो विकणार कसा? गाडी आधी वारसाच्या नावावर व्हायला हवी, आणि वारसाने मग विकायला हवी. मधली पायरी गाळून थेट मृताच्या सहीने नाव बदलणे ही पळवाट नाही, खोटी सही आहे. भारतीय न्याय संहितेखाली तो सरळ गुन्हा आहे, आणि सही करणारी बाई त्यात आधी अडकते. "सगळेच करतात" हे कोणत्याही दुकानात ऐकलेत, की तिथून उठावे असे माझे स्पष्ट मत आहे.

घरी येऊन मी आधी जावेला सांगितले, गाडी आता बाहेर काढायची नाही. सोपे नव्हते ते. तासगाव-मिरज जाऊन येऊन भाड्याची गाडी बाराशे रुपये घेई, आठवड्याला दोनदा. पण एखादा अपघात झाला असता तर नोटिसा विश्रामबागेत आजींच्या दारी गेल्या असत्या. आणि खरे सांगते, त्या मोबाईलवर आणखी एक मेसेज पडावा असे आम्हा दोघींनाही वाटत नव्हते.

मग कागद जमवायला बसलो. जावेची एक गोष्ट वाखाणण्यासारखी. सगळे पैसे तिने बँकेतून दिले होते, पै न् पैची नोंद होती. आणि गाडी घेताना दुकानदाराकडून जी ताबा पावती मिळाली तिच्यावर तारीख आणि वेळ होती: ३० एप्रिल, संध्याकाळी पाच. ही चिठ्ठी क्षुल्लक दिसते. पण पुढे दंडाची वाटणी तिच्याच जोरावर झाली. एप्रिलचा दंड दुकानात गाडी असतानाचा, म्हणून दुकानदाराचा. पुढचे दोन आमचे. तुम्ही गाडी घ्या वा विका, तारीख-वेळ घातलेली आणि दोघांच्या सह्यांची अशी चिठ्ठी घेतल्याशिवाय किल्ली हलू देऊ नका.

आता कायद्यातले नेमके काय ते सांगते, कारण दुकानात बसल्यावर हेच हत्यार असते. गाडी विकली की विकणाऱ्याने, राज्यातल्या राज्यात असेल तर चौदा दिवसांत, आर. टी. ओ. ला कळवायचे, तो फॉर्म २९. घेणाऱ्याने तीस दिवसांत नावासाठी अर्ज करायचा, तो फॉर्म ३०. लोक ह्यांनाच टी. टी. फॉर्म म्हणतात. मालक वारला असेल तर वारसाने तीस दिवसांत कळवायचे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून आपल्या नावावर करून घ्यायची. सोबत मृत्यूचा दाखला, आर. सी., विमा, आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचे प्रतिज्ञापत्र. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. कर्ज फिटले म्हणजे आर. सी. वरचा बोजा आपोआप उतरत नाही हो, तो उतरवून घ्यावा लागतो. जुनी गाडी घेताना हे आधी पाहा.

आणि जुन्या गाड्यांच्या दुकानदाराविषयी फार थोड्या जणींना ठाऊक असलेली गोष्ट. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने नियम केले आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. त्यांप्रमाणे अशा दुकानदाराने आर. टी. ओ. कडून अधिकारपत्र घ्यायचे असते, पाच वर्षांचे, फॉर्म २९ ब चे. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की दोघांच्या सहीने २९ क ह्या फॉर्ममध्ये आर. टी. ओ. ला ऑनलाइन कळवायचे. त्या घटकेपासून, गाडी पुढे विकली जाईपर्यंत, मालक म्हणून जबाबदारी दुकानदाराची. नाव बदलणे, नूतनीकरण, दुय्यम आर. सी. हे अर्जही तोच करू शकतो. आजींच्या मुलाने मार्चमध्ये हा एक कागद मागितला असता, तर एप्रिलच्या दंडाचा प्रश्न त्यांच्यापुरता तिथेच संपला असता. म्हणून दुकानात शिरल्यावर गाडीचा रंग पाहण्याआधी भिंतीवर ते अधिकारपत्र आहे का ते पाहा. नसेल तर विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

आमच्या दुकानदाराकडे ते नव्हते. माणूस तसा गोड बोलणारा, चहा पाजल्याशिवाय सोडत नसे. पण जाऊ विचारायला गेली की म्हणे, "वहिनी, दादांना पाठवा ना, तुम्ही कशाला त्रास घेता?" मी सोबत गेले तेव्हा मलाही तेच. मी म्हटले, "गाडी ह्यांच्या नावावर होणार आहे, दादांच्या नाही. बोला." मग त्याने पवित्रा बदलला. गाडी परत द्या म्हणाला, चार महिने वापरलीत त्याचे साठ हजार कापून उरलेले देतो. भावजी जरा डळमळले होते. पण बाजारात तशी गाडी तेवढ्यात पुन्हा मिळणार नव्हती, आणि वापराचे पैसे कापायचे ते कशाबद्दल? कागद वेळेवर न करणारा तो! आम्ही नाही म्हटले.

त्यानंतर तोंडी बोलणे बंद केले आणि लिहिले. वीस वर्षांपूर्वी आपण रजिस्टर ए. डी. ने पाठवले असते. १ सप्टेंबर २०२५ पासून ती सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवायचे आणि पोच घ्यायची. पत्र मराठीत, एक पानी. मजकूर साधारण असा होता, हवा तर उतरवून ठेवा:

"मी आपल्याकडून अमुक नंबरची गाडी दिनांक ३० एप्रिल २०२५ रोजी रु. ३,४०,००० ला विकत घेतली. नाव बदलण्यासाठी आपण रु. १२,००० वेगळे घेतले. दोन्ही रकमा बँकेतून दिल्या असून तपशील सोबत आहे. आजपर्यंत नोंदणी माझ्या नावे झालेली नाही. नोंदीतील मालक विक्रीपूर्वीच मृत झाल्याचे आपण मला सांगितले नाही. तरी पंधरा दिवसांत (१) मूळ आर. सी. दाखवावी, (२) आपले अधिकारपत्र व गाडी ताब्यात घेतल्याची आर. टी. ओ. ला दिलेली सूचना ह्यांच्या प्रती द्याव्यात, (३) वारसनोंद व त्यानंतर माझ्या नावे नोंद, दोन्ही आपल्या खर्चाने पूर्ण कराव्यात. तसे न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे व परिवहन कार्यालयाकडे तक्रार करीन."

शिव्या नाहीत, 'फसवणूक' हा शब्दसुद्धा नाही. तारखा, रकमा आणि मागणी. मी शाळेत मुलींना पत्रलेखन शिकवते, पण पाठ्यपुस्तकातले एकही पत्र मला ह्याच्याइतके उपयोगी पडल्याचे आठवत नाही.

पंधरा दिवस गेले, उत्तर नाही. मग १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जावेने तक्रार नोंदवली. ही फुकट असते आणि मराठीतही बोलता येते. तिथे निकाल लागत नाही, पण तक्रार दुकानदारापर्यंत पोचते आणि आपल्याला तक्रारीचा नंबर मिळतो. सांगलीच्या परिवहन कार्यालयातही अर्ज देऊन शिक्क्याची पोच घेतली. ग्राहक आयोगाचे कागदही तयार ठेवले. त्याची भीती आपल्याला उगाच वाटते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान कुठेही असो. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असे नाही. ई-जागृतीवर घरबसल्या दाखल करता येते. फक्त कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, म्हणजे दुकानदाराच्या 'आज-उद्या'वर किती दिवस घालवायचे ते आपल्याच हाती.

प्रकरण आयोगापर्यंत गेले नाही. दसरा उलटल्यावर दुकानदाराचाच फोन आला. दिवाळीच्या आधी सगळे एकत्र बसलो: आजी, पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा, जाऊ, भावजी, मी आणि तो. आमचे हे येतो म्हणाले होते, त्यांना म्हटले घरी मुलांकडे बघा. मुलाला पहिल्यांदा वाटले आपल्यावरच आरोप आहे. "मी तर विकून मोकळा झालो," म्हणू लागला. त्याला २०१८ च्या त्या निकालाची गोष्ट सांगितली, तेव्हा गप्प झाला आणि लगेच बहिणीला फोन लावून प्रतिज्ञापत्राचे विचारू लागला. विकणारा आणि घेणारी एका बाजूला आल्यावर दुकानदाराकडे बोलायला फारसे उरत नाही. आमच्या कामात खरा उलगडा झाला तो इथेच. आम्ही आजींना शोधले नसते तर वर्षभर तो एकीला एक आणि दुसरीला दुसरे सांगत राहिला असता.

जे ठरले ते तिथेच लिहून काढले आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. आधी फॉर्म ३१ ने गाडी आजींच्या नावावर, मग २९ आणि ३० ने आजींकडून जावेच्या नावावर. दोन्ही वेळची फी आणि उशिराचा दंड दुकानदाराचा. एप्रिलचे कोल्हापूरचे चलानही त्याचे. घेतलेले बारा हजार परत, कारण सरकारी फी काही शेकड्यांत असते हे आता आम्हाला कळले होते. भाड्याच्या गाडीपोटी आम्ही मागितले जास्त, मिळाले पंधरा हजार. जून आणि ऑगस्टची चलाने जावेने तिथल्या तिथे मोबाईलवरून भरली आणि पावत्या आजींना दाखवल्या. आजींनी चष्मा लावून दोन्ही नीट वाचल्या.

आर. टी. ओ. त आजी स्वतः आल्या. मोबाईल नंबर आता त्यांचा नोंदवला गेला, ओ. टी. पी. त्यांच्या फोनवर आला, तो त्यांनी स्वतः वाचून सांगितला. कोणाची सही कोणी केली नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोस्टमनने तासगावला जावेच्या नावाचे आर. सी. कार्ड आणून दिले. पाठोपाठ विमा नावावर झाला, नवी पाटी बसली, आणि मामंजी पुन्हा मागच्या सीटवर उशी घेऊन मिरजेला जाऊ लागले.

ह्या सगळ्यातून घरी जाऊन लगेच करण्याजोगे एक काम सांगते. २०२१ पासून गाडीच्या नोंदणीत वारसदार म्हणून, म्हणजे नॉमिनी म्हणून, नाव घालण्याची सोय झाली आहे. बँकेच्या खात्याला घालतो तसेच. नवीन गाडीला नोंदणीच्या वेळीच घालता येते, जुन्या गाडीला नंतर ऑनलाइन. मालकाचे काही बरेवाईट झाले तर गाडी नावावर करून घेणे नॉमिनीला सोपे जाते. हा विषय घरात काढताना जीभ अडखळते, मला कळते. मी आमच्या ह्यांना सरळ सांगितले, "स्कूटर आणि गाडी दोन्हीला माझं नाव घाला, आणि माझ्या स्कूटीला तुमचं." दोघांचे एकदमच काढले म्हणजे कुणालाच अभद्र वाटत नाही.

जाता जाता एका पत्राला उत्तर. इचलकरंजीच्या एका वाचक भगिनीने विचारले आहे, की नवीन गाडी मुहूर्तावर घरी नेण्याचा यजमानांचा हट्ट आहे, दुकानदार म्हणतो नंबर मागाहून येईल, गाडी घेऊन जा. तर, ताई, तसे करू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या राज्यात घेतलेल्या नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज दुकानदारानेच करायचा असतो, आणि नंबर गाडीवर लागल्याशिवाय ती तुमच्या ताब्यात द्यायचीच नसते. त्याच्याकडून गाडीचे बिल, विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१, कंपनीचा फॉर्म २२, विमा, आणि भरलेल्या करा-फीच्या स्वतंत्र पावत्या मागून घ्या. 'हँडलिंग' किंवा तशा नावाची एखादी मोघम रक्कम बिलात असेल तर ती कशाची ते लिहून द्यायला सांगा. मुहूर्ताची पूजा हवी तर दुकानाच्या आवारातच करा, नारळ तिथेही फुटतो. पैसे पूर्ण देण्याआधी अर्जाचा नंबर घ्या आणि ॲपवर आपले नाव, पत्ता, मोबाईल बरोबर पडला आहे ना, ते स्वतः पाहा. नावातल्या एका अक्षराची चूकही नंतर दुरुस्त करायची म्हणजे पुन्हा अर्ज आणि पुन्हा हेलपाटे.